अंदाजापेक्षा हलका

१२ जानेवारी, सकाळ

नवीन वही. जुन्या वहीत तक्रारी फार झाल्या होत्या. या वहीत फक्त कृती.

उद्यापासून रोज साडेपाचला उठणे. एप्रिलपासून टोकियोत नोकरी. त्याआधी वस्ती वाचवणे. एवढंच. थोडकं ठरवलं की पार पडतं.

आज उठायला पावणेनऊ झाले. बर्फ इतका दाट पडत होता की उजाडल्याचं कळलंच नाही.

१२ जानेवारी, संध्याकाळ

इनारी मंडळाची, म्हणजे भाताच्या देवाच्या मंडळाची, सभा झाली. बाबा बर्फ हटवायच्या गाडीवर होते, म्हणून आमच्या घरातर्फे मी गेले. मंडळात आता सात घरं. सगळ्यांत तरुण सभासद बाबा, वय एकसष्ट.

विषय देवाच्या शेताचा. वस्तीच्या तोंडाशी जो पाणथळ तुकडा आहे, त्यातलं पहिलं भात दर शरदात खिंडीपलीकडच्या मोठ्या इनारी देवळात जातं. तिथे यंत्र रुततं, लावणी हातानेच करावी लागते, आणि हात सगळ्यांचेच थकलेत. तोकुझो आजोबा मंडळाचे प्रमुख आणि आमचे शेजारी. कंबरेला गरम पट्टी बांधूनच आले होते. म्हणाले, माझ्या पणजोबांनी लावलं, आजोबांनी लावलं, बापाने लावलं, आता बंद करायचं ते मी एकट्याने कसं ठरवू? देवालाच विचारू या.

म्हणजे दगडाला. देवळामागच्या टेकडीवर तो गोल दगड आहे. आधी प्रश्न विचारायचा, मग मनात वजनाचा अंदाज बांधायचा, मग उचलायचा. अंदाजापेक्षा हलका लागला तर देवाचा होकार, जड लागला तर नकार. हलका आला तर शेत चालू. जड आला तर या वर्षी लावणी नाही, मंडळ बंद, सगळे मोकळे.

दर वर्षी जुन्या पंचांगाच्या पहिल्या अश्वदिनी, म्हणजे इनारीच्या सणाला (यंदा २ मार्च), एकजण सगळ्यांतर्फे देवळाला जाऊन येतो. कोण ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. पण आज मी उभी राहिले आणि बोलले. सामूहिक श्रद्धा हे समाजाचं भांडवल आहे, ते हातचं घालवू नका, असा मुद्दा होता. सगळे अगदी शांत. मंडळातल्या मात्सुए काकू म्हणाल्या, पोरगी बोलते मात्र छान, चहा गार झाला तरी कळलं नाही. मग एकमताने ठरलं की या वर्षी मीच जायचं. चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, खिंडीतल्या बर्फातून कोणाला जायचंय? सुटले बिचारे. बाबांना शिक्षणाची ताकद कळत नाही. त्यांचा दोष नाही.

१४ जानेवारी

उठले सव्वाआठला. सवय हळूहळूच लागते.

वहीत एकदा स्पष्ट लिहून ठेवते. दगडबिगडावर माझा विश्वास नाही. पण शेत राहायलाच हवं. माझा पदवीचा सगळा प्रबंध त्या शेतावर आहे. ते बंद पडलं तर प्रबंध इतिहास होईल, आणि इतिहास हा माझा विषय नाही. शिवाय टोकियोच्या ग्रामभविष्य केंद्राच्या अर्जात मी त्याला 'जिवंत उदाहरण' म्हटलंय. पुढच्या सोमवारी मुलाखत. त्यांचं ऑफिस चौदाव्या मजल्यावर आहे. तिथून खेड्यांचं चित्र एकदम समोर येत असणार.

१५ जानेवारी

विचार करून उत्तर सापडलं. दगड हलका लागणं हा दंडाचा प्रश्न आहे. देवाचा संबंध नाही. दीड महिना हातात आहे. रोज व्यायाम केला तर कोणताही दगड हलका लागेल. इतक्या पिढ्यांत हे कोणालाच सुचलं नाही याचं नवल वाटतं. ही लबाडी नाही. ही तयारी आहे.

घरात गोल दगड एकच. मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर दाब म्हणून ठेवतात तो. तो घेऊन शेडमध्ये गेले. खिडकीशी मोबाईलला रेंज येते, म्हणून तिथेच उभी राहून उचलला. दहा वेळा. मेल काही आली नाही.

१८ जानेवारी

आई विचारत होती, लोणच्यावरचा दगड कोणी नेला? मी म्हटलं, बघते. खोटं बोलले नाही. बघितलाच, शेडमध्ये.

२० जानेवारी

मुलाखत. घरात रेंज नाही, म्हणून शेडमधून दिली. मागे तांदळाची पोती दिसत होती. समितीतले एकजण म्हणाले, पार्श्वभूमी फार अस्सल आहे. दुसऱ्या बाईंनी विचारलं, तुम्ही स्वतः शेतात काम करता का? मी म्हटलं, माझी भूमिका वैचारिक आहे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. निकाल फेब्रुवारीअखेर.

खूपच चांगली झाली.

२१ जानेवारी

पिंपातल्या मुळ्याला बुरशी. आई दिवसभर धुसफुसत होती. दगड नाही म्हणून तिने वर माझा प्रबंध ठेवला आणि त्यावर पाण्याची बादली. म्हणाली, घरात याच्याएवढं जाड दुसरं काय आहे? आमच्या घरात पहिली पदवी मी घेतली. तो प्रबंध बांधून आणला तेव्हा आईने देवघराच्या फळीवर ठेवला होता. आता त्याला मुळ्याचा वास येतोय.

दगड परत केला. लोणच्याच्या दगडावर थांबणं हे छोटं ध्येय होतं. आता तांदळाची पोती. दहा किलोचं आज जमलं. तीस किलोचं हललं.

२७ जानेवारी

टोकियोतल्या दुसऱ्या एका कंपनीची मेल आली. गेल्या वर्षी केलेल्या अर्जाचं उत्तर. नेहमीचाच शेवट: आपल्या पुढील यशासाठी आम्ही मनापासून प्रार्थना करतो. नकार असला की सगळीकडून हेच वाक्य येतं. आतापर्यंत टोकियोतली इतकी ऑफिसं माझ्यासाठी प्रार्थना करतायत की मला वेगळं देवळात जायची गरजच नाही.

ग्रामभविष्य केंद्र असलं वाक्य लिहिणार नाही. ते वेगळे लोक आहेत.

३० जानेवारी

व्यायामात एक तात्त्विक अडचण आली. दंड मजबूत झाले की अंदाजही बदलतो. काल दहा किलोचं पोतं उचलण्याआधी मनात आलं, हे तर काहीच नाही. उचललं तर काहीच नव्हतं. म्हणजे अंदाजापेक्षा हलकं नाही, अंदाजाइतकंच. बरोबरी झाली तर देवाचं काय म्हणणं असतं, हे कोणी सांगितलेलं नाही.

उपाय: दंडाबरोबर मनाचाही व्यायाम. उचलण्याआधी डोळे मिटून फ्रीज आठवायचा. स्वयंपाकघरातला मोठा, भरलेला. आज पोत्यासमोर उभी राहून फ्रीजचं ध्यान केलं. आई कोयता शोधत आली आणि कोयता न घेताच परत गेली.

४ फेब्रुवारी

मात्सुए काकू आल्या होत्या. अंगणातूनच हाका. अगं चिगुसा, हात बघू. दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. फोड आलेत हो, म्हणाल्या, अगदी खूश होऊन. मग पिशवीतून रबरी ठिपक्यांचे हातमोजे काढून दिले. नवेकोरे, दोन जोड.

सहानुभूती. लिहून लिहून फोड आले असं त्यांना वाटलं असणार. शिकलेल्या माणसाबद्दल साध्या लोकांना फार माया असते. हातमोजे घालून लिहिता येत नाही हे त्यांना कुठून कळणार.

९ फेब्रुवारी

तीस किलोचं पोतं गुडघ्यापर्यंत आलं. मग गुडघ्यावर आलं. मग खाली. आज व्यायामाला सुट्टी.

खिडकीतून रस्त्यावर तोकुझो आजोबा दिसले. बर्फात काठी टेकून उभे होते, शेडकडे बघत. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी काठी वर केली. म्हातारपणी माणूस असाच कुठेही थबकतो.

१४ फेब्रुवारी

तोकुझो आजोबांनी वाटेत गाठलं. पोरी, तुझ्या पायाचं माप काय? मी सांगितलं, साडेतेवीस. पाऊल रुंद आहे का? म्हटलं, थोडं. मान हलवत निघून गेले.

रात्री अंथरुणात एकदम लक्षात आलं. निरोपाची भेट! मी टोकियोला जाणार हे सगळ्या वस्तीला माहीत आहे, मी कितीदा सांगितलंय. ऑफिसचे बूट घेतायत मंडळी माझ्यासाठी. काळे असावेत. टाच फार उंच नको. भरून आलं. मी काय करतेय यांच्यासाठी? एक दगडच तर उचलणार.

१५ फेब्रुवारी

बाबांनी न्याहारीला विचारलं, दगड हलका आला तर त्या चिखलात कोण उतरणार, याचा काही विचार केलास? मी म्हटलं, बाबा, आधी इच्छाशक्ती, मग मनुष्यबळ. ते म्हणाले, हं. सूप प्यायले आणि बर्फाच्या गाडीवर गेले.

हे नकारात्मक बोलणं मी मनावर घेत नाही. पण दिवसभर काही सुचलं नाही. तीन वेळा शेडमध्ये जाऊन रेंज बघितली. खिंडीपलीकडच्या हवामानाचा अंदाज बघितला. टोकियोचाही बघितला. तिथे ऊन आहे.

२३ फेब्रुवारी

आजपासून पथ्य. मंडळातर्फे जाणाऱ्याने आठवडाभर मांस खायचं नाही, कोणावर रागवायचं नाही, आणि देवळात स्वतःसाठी काही मागायचं नाही. तिन्ही गोष्टी मला सोप्या आहेत.

२५ फेब्रुवारी

आईने दुकानातून हॅम कटलेट आणले होते. एक खाल्लं. त्यात हॅम अगदी पातळ असतो, मुख्यतः बटाटाच. मग आईने विचारलं, आज पथ्य होतं ना? मी तिच्यावर रागावले. पण हे रागावणं पथ्याच्या आठवणीमुळे होतं, म्हणजे एका अर्थी पथ्यासाठीच.

२८ फेब्रुवारी

फेब्रुवारी संपला. टोकियोची मेल नाही. मोठ्या संस्थांची महिनाअखेर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते.

तीस किलोचं पोतं आज मांडीपर्यंत आणून धरून ठेवलं. वीस आकडे मोजले. फ्रीज आता डोळे न मिटताही दिसतो.

१ मार्च

मात्सुए काकूंनी देवळातल्या दगडी कोल्ह्यांसाठी, इनारीच्या दूतांसाठी, तळलेला तोफू बांधून दिला. कोल्ह्यांना त्यांच्याच हातचा आवडतो असं त्यांचं म्हणणं. निघताना म्हणाल्या, चिगुसा, एक सांगू? जड आला तरी खोटं बोलू नकोस हो. देवाला कळतं, आणि तोकुझोलाही. मी म्हटलं, काकू, मी पदवीधर आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच सांगते.

२ मार्च, सकाळ, गाडीत

पहिली बस, मग दोन डब्यांची गाडी. खिंडीत बर्फामुळे गाडी थांबलीय. समोरच्या आजीबाई डब्यातून गोड भात खातायत. माझ्याजवळ फक्त कोल्ह्यांचा तोफू. वास फार सुरेख येतोय.

एक तुकडा चाखून बघितला. देवाला शिळं जाऊ नये म्हणून.

२ मार्च, दुपार, देवळासमोरचं नूडल्सचं दुकान

पटापट लिहिते.

गर्दी भयंकर. लाल कमानींच्या रांगेतून वर चढायला वेळ लागला. वळणावर आमच्या मंडळाची कमान दिसली. तोकुझो आजोबांच्या वडिलांनी उभी केलेली. रंग विटलाय, लाकूड बुडाशी मऊ झालंय, नाव मात्र वाचता येतं. तिच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांनी वाहिलेल्या नव्या कोऱ्या कमानी. मी नावावरचा बर्फ झटकला. उगाच. संशोधक म्हणून.

कोल्ह्यांना तोफू वाहिला. उरलेला.

मग टेकडीवरचा दगड. रांग होती. माझा नंबर आला. नमस्कार केला आणि विचारलं: आमचं शेत चालू ठेवायचं का? तेवढ्यात, माझी काही इच्छा नसताना, त्याच दमात पुढचं वाक्यही निघून गेलं: आणि टोकियोचं होईल का?

हे स्वतःसाठी मागणं नाही. मी टोकियोत खेड्यांसाठीच बसणार आहे. म्हणजे प्रश्न एकच, त्याचे भाग दोन.

फ्रीज आठवला. भरलेला. वर तीस किलोचं पोतंही ठेवलं. दोन्ही हात घातले आणि उचलला.

दगड असा वर आला की मी दोन पावलं मागे गेले. छातीशी धरून तशीच उभी राहिले. मागच्या आजीबाई म्हणाल्या, अगं बाई, घरी घेऊन चाललीस की काय? ठेव आता, आम्हालाही विचारायचंय. सगळी रांग हसली. मी ठेवला.

हलका! अंदाजापेक्षा खूपच हलका! विश्वास नाहीच माझा. पण मोबाईल चार वेळा बघितला.

२ मार्च, रात्री

जुन्या रीतीप्रमाणे मंडळी वेशीवर आणायला आली होती. बसथांब्याच्या छपराखाली सगळे ओळीने उभे, थर्मासमध्ये गरम साके. बसचं दार उघडायच्या आतच तोकुझो आजोबांनी विचारलं, जड की हलका? मी पायरीवरूनच ओरडले, हलका! मग मात्सुए काकूंनी पदर लावावा तसं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

आमच्याच घरी जेवण. मुळ्याचं लोणचं होतं. मऊ होतं, पण कोणी नावं ठेवली नाहीत. तोकुझो आजोबा उठले. म्हणाले, खरं सांगतो, जानेवारीत मला वाटत होतं दगड जडच यावा. देवानेच नको म्हटलं की सुटलो, मेल्यावर बापाला तोंड दाखवता येईल. मग एका संध्याकाळी शेडमधला दिवा दिसला. ही पोरगी पोतं उचलत होती. दुसऱ्या दिवशी बघितलं, पुन्हा उचलत होती. महिनाभर रोज जाऊन बघितलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला बोलली नाही. चिखलासाठी अंग तयार करत होती गुपचूप.

म्हातारा माझ्यासमोर जमिनीला कपाळ टेकवून वाकला. आणि खोकं पुढे सरकवलं.

बूट होते. काळे. रबरी. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे, भातलावणीचे.

काकू म्हणाल्या, घालून बघ. बाबा म्हणाले, मी चिखल तुडवून देईन, पण लावणीच्या ओळीत वाकायला कंबर नाही माझी. आईने माझ्या ताटात लोणच्याचा एक जास्तीचा तुकडा वाढला.

मला बोलायचं होतं. वैचारिक भूमिका, चौदावा मजला, सगळं तोंडाशी आलं होतं. पण आजोबा अजून वाकलेलेच होते, आणि त्यांची कंबर तशी. ते लवकर उठावेत म्हणून मी म्हटलं, बरं. मग घाईने म्हटलं, या वर्षापुरतं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. शेवटचं वाक्य कोणी ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

बूट मापात आहेत.

५ मार्च

केंद्राची मेल आली. फार सभ्य भाषा. माझ्या वैचारिक भूमिकेचं विशेष कौतुक. शेवटचं वाक्य: आपल्या पुढील यशासाठी आम्ही मनापासून प्रार्थना करतो.

तीन वेळा वाचली. शेडमध्ये बराच वेळ उभी होते. दिवा लावला नाही.

६ मार्च

शांतपणे विचार केला. दगडाने उत्तर बरोबरच दिलं, भाग दोन मी नियम मोडून घुसवला होता. चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. शरदात पहिलं भात घेऊन मलाच जायचंय. तेव्हा टोकियोचं वेगळं विचारीन. एका वेळी एकच.

शिवाय लावणीचा अनुभव अर्जात चांगला दिसेल. हे फील्डवर्क आहे. शब्दशः.

१२ एप्रिल

बर्फ वितळला. आजोबांनी बांध कसे लिंपायचे ते दाखवलं. मी म्हटलं, मी नोंदी घेते. ते म्हणाले, वही चिखलात पडेल, हात मळले तर धुता येतात. दुपारी वही पडली. ही नव्हे, नोंदींची. हात धुतले.

साडेपाचला उठले होते. काकू खिडकीवर वाजवत होत्या, झोपणं शक्यच नव्हतं.

२४ मे

लावणीचा पहिला दिवस. सगळी सात घरं बांधावर. तोकुझो आजोबा खुर्चीत बसून ओरडत होते, सरळ लाव गं, देवाला वाकडी ओळ दिसते! तिसऱ्या ओळीला पाय वर आला, बूट तिथेच राहिला. सगळ्यांनी मिळून ओढून काढला. कोणी हसलं नाही असं लिहिणार होते, पण सगळेच हसले. मी जास्त.

काकू म्हणाल्या, पुढच्या वर्षी बुटात जाड मोजे घाल. मी म्हटलं, काकू, या वर्षापुरतं. त्या म्हणाल्या, हो तर, आम्हीही सगळे या वर्षापुरतेच.

संध्याकाळी रोपांचा शेवटचा ट्रे उचलायला गेले. पाण्याने भिजलेला. दिसायला काहीच नाही, म्हणून सहज हात घातला.

अंदाजापेक्षा जड निघाला. पुष्कळच.

पण मी काही विचारलं नव्हतं, तेव्हा हे धरायचं नाही.